अध्यक्ष आठवीत आहेत

आमच्या सोसायटीच्या बाल गणेश मंडळात अकरा मुलं आहेत आणि अकराच्या अकरा पदाधिकारी आहेत. अध्यक्ष आठवीत आहेत. कार्याध्यक्ष सातवीत, पण अध्यक्षांपेक्षा उंच, त्यामुळे दोघांमध्ये थोडी धुसफुस असते. मग उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, उत्सवप्रमुख, सजावटप्रमुख, मिरवणूकप्रमुख, प्रसादप्रमुख अशी यादी उतरत उतरत पहिलीतल्या एका सद्गृहस्थांपाशी येते. त्यांच्या वाट्याला काहीच उरलं नाही म्हणून त्यांनी जिन्यात बसून भोकाड पसरलं, तेव्हा त्यांना सल्लागार करण्यात आलं. रस्त्यावरच्या मोठ्या मंडळांचे सल्लागारही साधारण याच कारणाने आणि याच पद्धतीने नेमले जातात, असं जाणकार सांगतात.

साधा कार्यकर्ता मात्र एकही नाही. सतरंजी झटकायची वेळ आली की मांडवात एकदम शांतता पसरते. सतरंजी सजावटीत येते की कार्यक्रमात, यावर चर्चा होते. शेवटी वॉचमनमामा येऊन झटकतात. त्यांना पद नाही.

या अध्यक्षांना त्यांच्या वडिलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका शिबिराला घातलं होतं. किशोरवयीन मुलांसाठी नेतृत्वगुण आणि संवादकौशल्य विकास. दोन रविवार, एसी हॉल, दुपारचं जेवण, शेवटी लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. फी किती, हे वडील सांगत नाहीत, पण त्यानंतर महिनाभर ते बसने ऑफिसला जात होते. अध्यक्ष तिथे काय शिकले हे त्यांनी मला करून दाखवलं. खांदे सरळ ठेवायचे, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हाताची घडी घालायची नाही, महत्त्वाच्या वाक्याआधी थांबायचं. मग प्रत्येकाने ‘माझं स्वप्न’ या विषयावर दोन मिनिटं बोलायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

मला त्या टाळ्याच खटकतात. जो ऐकायलाच आलाय आणि टाळ्या वाजवायला तयार बसलाय, त्याच्यापुढे बोलायला कौशल्य कशाला लागतं? कौशल्य लागतं ते दार न उघडणाऱ्या माणसाशी बोलायला. असा माणूस पुरवणं कुठल्याही शिबिराला परवडायचं नाही. आमच्याकडे तो दर मजल्यावर आहे, आणि फुकट आहे.

वर्गणीला निघालेली पोरं तुम्ही नीट पाहिली आहेत का? त्यांची रचना ठरलेली असते. सगळ्यात पुढे सगळ्यात लहान, कारण त्याच्या तोंडावर दार आपटायला कोणाचं मन धजत नाही. त्याच्या मागे पावतीपुस्तक. पावतीपुस्तकाला दोरीने बांधलेलं पेन, कारण गेल्या वर्षी तीन पेनं तिसऱ्या मजल्यावर राहिली. त्याच्या मागे बोलणारा. सर्वांत मागे, जिन्याच्या दोन पायऱ्या खाली, ज्याच्या घरच्यांचं या घराशी पार्किंगवरून भांडण आहे तो.

बेल वाजली की आतला टीव्ही बंद होतो. इथे नवखी पोरं फसतात आणि निघून जातात. जाणती पोरं थांबतात, कारण टीव्ही आपला आपण बंद होत नाही हे त्यांना ठाऊक असतं. मग दाराच्या भोकातला उजेड जातो, परत येतो, परत जातो. शिबिरात शिकवलेला ‘डोळ्यांत बघा’ हा नियम इथे लागू करायचा म्हणजे त्या भोकात बघायचं. आमचे सल्लागार टाचा उंचावून तिथे बघतात आणि आतल्या डोळ्याला म्हणतात, “काकू, तुम्ही दिसताय.”

दुसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर राहतात. ते दार लगेच उघडतात. ते वाटच बघत असतात.

“मागच्या वर्षीचा जमाखर्च?”

“काका, बोर्डावर लावला होता,” अध्यक्ष म्हणाले. खांदे सरळ होते.

“वाचला मी. किरकोळ खर्च चारशे ऐंशी. किरकोळ म्हणजे काय?”

अध्यक्षांनी महत्त्वाच्या वाक्याआधी थांबायचं तसं थांबून घेतलं. पण महत्त्वाचं वाक्य काही आलं नाही. तेव्हा मागून खजिनदार पुढे आली. ही मुलगी सातवीत आहे. कुठल्या शिबिराला गेलेली नाही आणि बोलताना हाताची घडी घालूनच उभी राहते.

“दोनशे चाळीसचे वडापाव, शंभरचा कापूर आणि वाती, एकशे चाळीस टेम्पोवाल्या काकांना जास्तीचे.”

“वडापाव हा उत्सवाचा खर्च कसा काय?”

“विसर्जनाला टेबल उचलायला चार दादा आले होते. ते खाल्ल्याशिवाय उचलत नाहीत.”

“मग तसं लिहायचं. टेबल उचलणावळ. किरकोळ नाही लिहायचं.” काकांनी पाकीट काढलं आणि त्यातून पन्नासची नोट आणि एक रुपयाचं नाणं वेगवेगळं मोजून दिलं. “नाव नीट लिहा. गेल्या खेपेला आडनावातला अनुस्वार खाल्ला होता.”

खजिनदाराने अनुस्वारासकट नाव लिहिलं आणि पावती फाडायच्या आधी म्हणाली, “काका, गेल्या वर्षीपण एक्कावन्नच होते. व्याज नाही का धरलं?”

सोसायटी स्थापन झाल्यापासून त्या माणसाला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. ते हसले आणि वर पन्नास दिले. अध्यक्षांच्या प्रमाणपत्रावर ‘प्रभावी संवाद : उत्तम’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे. ते खरं असेलही, पण ते पन्नास रुपये खजिनदाराने आणले.

तिसऱ्या मजल्यावर वेगळीच परीक्षा असते. तिथले गृहस्थ पैसे देतात, पण आधी प्रश्न विचारतात. “लोकमान्यांनी हे याच्यासाठी सुरू केलं होतं का?” याचं उत्तर काय द्यायचं हे एकाही शिबिरात शिकवत नाहीत. मुलं खाली मान घालून उभी राहतात. काका १८९३ पासून सुरुवात करतात, गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत जाऊन येतात, परत पुण्यात येतात. पण आमच्या सचिवाचं आजोळ बुधवार पेठेतलं. त्याने एकदा मध्येच सांगितलं, “काका, भाऊसाहेब रंगारींचा गणपती १८९२ चा आहे. आजोबा म्हणतात.” झालं! २०१७ साली पुणे महापालिकेने उत्सवाचं एकशे पंचविसावं वर्ष साजरं करायला घेतलं, तेव्हा पहिला कोण हाच वाद पार कोर्टाच्या पायरीपर्यंत गेला होता. इथे तो सचिवाच्या आजोबांना फोन लावण्यापर्यंत गेला. दोन वयस्क माणसं अर्धा तास फोनवर भांडली. त्या वेळात मुलांनी चौथा आणि पाचवा मजला उरकला. दोन मोठ्यांना एकमेकांशी बोलायला लावून आपण पुढच्या कामाला लागायचं, हे धोरण चांगले चांगले पुढारी पन्नाशीत शिकतात.

त्या काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही म्हणा. लोकमान्यांच्या काळात गणपतीत तरुण पोरांचे मेळे निघत. एकसारखे पोशाख, हातात टिपऱ्या नाहीतर लेझीम, आणि पदांमधून सरकारवर असे काही टोमणे की पुढे इंग्रजांनी त्या पदांवर बंधनं आणली. पोरांच्या गाण्याची एका साम्राज्याने दखल घ्यावी, याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं? आमच्या पोरांच्या गाण्याची दखल फक्त सी विंग घेते, तीही व्हॉट्सॲपवर.

आता क्यूआर कोड आला आहे आणि त्याने नवीच पंचाईत केली आहे. पूर्वी “सुटे नाहीत” म्हणता यायचं. आता लोक म्हणतात, “पाठवतो नंतर, नेटवर्क नाहीये.” यावर सहसचिवाचं उत्तर तयार असतं : “काका, आमच्या घरचं वायफाय तुमच्या दारापर्यंत येतं. पासवर्ड टाकून देऊ?” कोड अध्यक्षांच्या आईच्या नावाचा आहे. त्यामुळे मंडळाची खरी सत्ता कोणाकडे आहे, हे अध्यक्ष सोडून सगळ्यांना कळतं. रोख रक्कम श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतात, आणि पहिले चार दिवस नोटांना वेलचीचा वास येतो.

कायद्याच्या भाषेत बोलायचं तर धार्मिक कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायला धर्मादाय खात्याची परवानगी लागते. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात त्यासाठी ४१क हे वेगळं कलम आहे. बँकवाल्या काकांनी हे मुलांना समजावून सांगितलं. सल्लागारांनी सगळं नीट ऐकून विचारलं, “धर्मादाय आयुक्त कुठल्या विंगमध्ये राहतात?”

पोरांना चारचौघांत उभं करून बोलतं करायचं हे काही आजचं खूळ नाही. राष्ट्र सेवा दल १९४१ मध्ये उभं राहिलं. त्याच्या शाखांवर कवायत, खेळ, गाणी आणि बौद्धिकं चालत, आणि त्याच्या कलापथकातून पोरं गावोगाव जाऊन वगनाट्यं करत. निळू फुले तिथलेच, दादा कोंडकेही तिथलेच. पुलंचं ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य या कलापथकाने गाजवलं आणि त्यात निळू फुल्यांनी काम केलं. नेतृत्वविकासाच्या शिबिराला याहून चोख नाव सुचणार नाही. पण सेवा दलात पुढारी घडवायला गेले आणि महाराष्ट्राला दोन विलक्षण नट मिळाले, हेही लक्षात ठेवायला हवं. निळूभाऊंनी तर पुढे पडद्यावर असे बेरकी पुढारी रंगवले की खऱ्या पुढाऱ्यांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी. संवादकौशल्याचं बी पेरलं की काय उगवेल ते सांगता येत नाही. शिबिरवाले मात्र पहिल्याच पानावर सीईओ उगवेल म्हणून छापतात.

आमच्या मंडळाची बैठक जिन्यात होते. इतिवृत्ताची वही आहे. तिच्यात ‘सर्वानुमते’ हा शब्द प्रत्येक ठरावात आहे आणि प्रत्येक ठरावाखाली कोणीतरी काहीतरी खोडलेलं आहे. यंदा वाद देखाव्यावरून झाला. अध्यक्षांना प्रतापगड हवा होता, कार्याध्यक्षांना चांद्रयान. चांद्रयान-३ चंद्रावर २३ ऑगस्ट २०२३ ला एकदाच उतरलं, पण महाराष्ट्रातल्या मांडवांमध्ये ते त्यानंतर दर भाद्रपदात उतरतं आहे. कोणी माघार घेईना. आवाज चढले, आठवीतल्याने सातवीतल्याची लायकी काढली, सातवीतल्याने आठवीतल्याची उंची काढली, आणि संध्याकाळपर्यंत मंडळ फुटलं.

अकरा मुलांची दोन मंडळं! कार्याध्यक्षांच्या गटाने आपल्या नावात ‘मूळ’ हा शब्द घातला. मग अध्यक्षांच्या गटाने ‘अखिल’ घातला. दोन्ही गटांनी बाप्पा आपलाच असल्याचं जाहीर केलं. सल्लागार दोन्ही बैठकांना हजर राहिले, कारण एकीकडे चिप्स होते आणि दुसरीकडे पेढे. वडीलधाऱ्यांपैकी कोणी मध्ये पडायला गेलं नाही. एक तर हे चित्र सगळ्यांना टीव्हीवर रोज बघून पाठ झालं होतं, आणि दुसरं म्हणजे चिन्ह कोणाला द्यायचं हा प्रश्न आपल्या अंगावर यायची भीती होती.

फूट तीन दिवस टिकली. मग लक्षात आलं की स्पीकर अध्यक्षांच्या घरचा आहे आणि एक्स्टेंशन बोर्ड कार्याध्यक्षांच्या घरचा. वाटाघाटी खजिनदाराने केल्या. तिने देखाव्याचं नावही काढलं नाही. दोघांना श्रीखंडाच्या डब्यापाशी बसवलं आणि एवढ्या पैशांत अर्धा किल्ला किंवा अर्धं यान येईल, असं दाखवून दिलं. शेवटी प्रतापगडाच्या बुरुजावर चांद्रयान उतरलेलं दाखवायचं ठरलं. सर्वानुमते. बघायला आलेल्या एका आजींनी त्याला भवानीमातेचं देऊळ समजून नमस्कार केला.

सांस्कृतिक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन सचिवाकडे होतं. सूत्रसंचालनाचं एक वेगळंच मराठी असतं, आणि ते पोरं कुठून उचलतात कोण जाणे. एरवी “ए, सरक ना” म्हणणारा मुलगा माइक हातात आला की “मी मान्यवरांना विनंती करतो की त्यांनी आपलं आसन ग्रहण करावं” असं म्हणायला लागतो. मान्यवर म्हणजे सोसायटीचे चेअरमन. आसन म्हणजे प्लास्टिकची खुर्ची, आणि तीही मान्यवरांनी येताना स्वतःच घरून आणलेली. प्रमुख पाहुणे, म्हणजे शेजारच्या वॉर्डातले एक भावी नगरसेवक, पाऊण तास उशिरा आले. तो पाऊण तास सचिवाने एकट्याने भरून काढला. आधी माइक तीनदा टेस्ट केला. मग हरवलेल्या चपलांची घोषणा केली, मग सापडलेल्या चपलेची. मग प्रत्येक विंगच्या काकूंनी कुठला प्रसाद केला होता याचा सविस्तर आढावा घेतला. त्यात बी विंगच्या शिऱ्याला ‘बरा’ म्हटलं गेलं आणि त्याचे परिणाम दिवाळीपर्यंत जाणवले. पाहुणे आल्यावर त्यांनी ‘फक्त दोन शब्द’ बोलायचं कबूल केलं आणि ते पंचवीस मिनिटं बोलले. पोरांना वेळेचं नियोजन शिकवणाऱ्यांनी आधी पाहुण्यांसाठी एखादं शिबिर काढावं.

पण सगळ्यात अवघड काम आभारप्रदर्शनाचं. भाषण चुकलं तर लोक विसरतात, पण आभारात नाव राहिलं तर सात वर्षं बोलत नाहीत. अकरा मुलांनी दोन संध्याकाळी यादी केली. आधी विंगवार केली, तेव्हा डी विंग शेवटी आली. मग वर्गणीच्या आकड्याप्रमाणे केली, तेव्हा अध्यक्षांचे वडील शेवटी आले. मग वयाप्रमाणे करायला गेले, तर एकही काकू वय सांगेना. शेवटी खजिनदाराने माइकवरून वाक्य टाकलं, “आणि ज्यांचं नाव चुकून राहिलं असेल, त्यांचे मंडळ सगळ्यांत जास्त आभार मानतं.” पुढच्या दोन दिवसांत चार जणांनी आपलं नाव यादीत आलं होतं याबद्दल नापसंती व्यक्त केली.

रस्त्यावरच्या तरुण मंडळाची गोष्ट जरा वेगळी आहे. त्यांच्या अध्यक्षांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. पद सोडायचं ते दर वर्षी जाहीर करतात आणि दर वर्षी कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर राहतात. आग्रह करणारे कार्यकर्ते त्यांचे मेहुणे आहेत. फ्लेक्सवर वरच्या ओळीत आधारस्तंभ, मधल्या ओळीत मार्गदर्शक, आणि खाली टिकलीएवढ्या गोलांत गॉगल लावलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं. पण खरं काम त्या टिकल्याच करतात. मांडवाच्या परवान्यासाठी महापालिकेत, नाहरकतीसाठी वाहतूक शाखेत, स्पीकरसाठी पोलीस चौकीत त्याच जातात. दहावीला मराठीत जेमतेम पास झालेला मुलगा चौकीच्या बाकावर बसून ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं एकटाकी लिहितो. रात्री दहानंतर स्पीकर का बंद आणि ठरावीक दिवशी बारापर्यंत का चालू, हे तो कलमांसह सांगतो. हवालदारसाहेब जेवायला गेलेत, चहा प्यायला गेलेत की नुसतेच नाहीत, यांतला फरक त्याला चेहऱ्यावरून कळतो. कॉलेजात त्याला ‘अबोल’ म्हणून ओळखतात.

मुलींना या सगळ्यात फार उशिरा शिरकाव मिळाला, हे मात्र बोलायलाच हवं. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे रांगोळी आणि आरतीचं तबक एवढंच खातं होतं. पुण्यात तरी हे दार उघडलं ते ढोलताशा पथकांनी. कमरेला ढोल बांधून उभ्या राहिलेल्या मुलीला “तू तबक धर” असं सांगायची कोणाची हिंमत होत नाही. आणि पथकात बोलायची सोयच नाही. पन्नास-साठ ढोल वाजताना ओरडून काही ऐकू जात नाही. पुढे उभी असलेली पोरगी नुसता हात वर करते, बोटांनी कुठला ‘हात’, म्हणजे ठेका, वाजवायचा ते दाखवते, ताशा उचलतो आणि सगळी रांग वळते. एकही शब्द न बोलता. हे पाहिल्यापासून माझा संवादकौशल्याच्या वर्गांवरचा विश्वास आणखी कमी झाला आहे. नदीकाठी सरावाच्या वेळी मागच्या इमारतीतले लोक जे संवाद साधतात तो भाग निराळा.

विसर्जनानंतरच्या रविवारी आमच्या मंडळाने हिशोब मांडला. श्रीखंडाचा डबा उपडा केला, पावत्या लावल्या, क्यूआरचे पैसे अध्यक्षांच्या आईच्या फोनवरून उतरवून घेतले. ‘टेबल उचलणावळ’ असा स्वतंत्र रकाना होता. तपासायला बँकवाले काका चष्मा पुसत आले. त्यांनी बेरीज वरून खाली केली, खालून वर केली आणि अकरा रुपयांवर बोट ठेवलं.

“कमी आहेत का?” अध्यक्षांनी घाबरून विचारलं.

“जास्त आहेत.”

सगळ्यांचे चेहरे उजळले. काकांचा मात्र पडला. पैसे कमी निघाले तर हलगर्जीपणा म्हणता येतो, जास्त निघाले तर त्याला काहीतरी स्पष्टीकरण लागतं, असं त्यांनी सांगितलं, आणि नोकरीत असताना एका शाखेत असे साडेतीन रुपये जास्त निघाले तेव्हा काय काय झालं होतं ते सांगायला सुरुवात केली. मुलांनी ते पूर्ण ऐकलं. मग जिन्यात तातडीची बैठक झाली. अकरा रुपयांचे वडापाव येणार नाहीत हे आधी तपासून घेण्यात आलं. त्यानंतर प्रकरणाच्या मुळाशी जाण्यासाठी त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमण्यात आली आणि समितीच्या अध्यक्षपदी सर्वानुमते सल्लागारांची निवड झाली. आरतीच्या ताटातली नाणी तेच डब्यात टाकत होते, हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. समितीने आधी दिवाळीपर्यंत मुदत मागितली होती. आता सहामाही परीक्षेचं कारण दाखवून ती वाढवून घेतली आहे.